आक्का आणि मलईची मशीन

सौंसरची सकाळची बस पांढुर्ण्यात आमच्या शाळेच्या वळणावर थांबते. तिचा कंडक्टर कधी कुणाचं टपाल, कधी कुणाची संत्र्यांची टोपली माझ्याकडे ठेवून जातो. त्या दिवशी तो रिकाम्या हातानं वर्गाच्या दाराशी आला आणि टोपी काढून उभा राहिला. 'मास्तर, जरासे बाहेर या नं,' म्हणाला. मी बाहेर गेलो. 'रामाकोन्याच्या बाई गेल्या. आज सकायीच गेल्या.' रामाकोन्यात माझी म्हणावी अशी एकच बाई होती, माझी थोरली बहीण आक्का, तरी मी त्याला विचारलं, कोणत्या बाई?... त्याच बसनं मी सौंसरकडे निघालो. खिडकीबाहेर कापसाची शेतं होती, वेचणाऱ्या बाया होत्या, आणि मला सारखं वाटत होतं की ह्या सगळ्यांना काहीच कसं माहीत नाही.

आठवडाभर तिच्या छातीत कफ होता, ताप होता. सौंसरच्या दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता, एवढंच मला कळलं. दिवसकार्य झाल्यावर सौंसरला शोकसभा झाली. बाजाराच्या चौकात सतरंज्या घातल्या होत्या आणि तहसिलीतली सगळी मोठी माणसं आली होती. माझे मेहुणे वामनराव तिथले पुढारी, तेव्हा येणारच. एकामागून एक वक्ते उठले. आक्का वामनरावांच्या पाठीशी सावलीसारखी उभी राहिली, असं पहिला म्हणाला. तुरुंगातल्या पतीची तिनं वाट पाहिली, असं दुसरा म्हणाला. शेवटी भाऊजी स्वतः उठले आणि त्यांनी आपल्या दूध संस्थेची गोष्ट सांगितली. संस्था कशी उभी केली, आणि प्रांत तुटला, नागपूर मुंबई राज्यात गेलं, आपण इकडे मध्य प्रदेशात राहिलो, म्हणून ती कशी मोडली... लोकांनी माना हलवल्या. आजकाल आमच्याकडे विहिरीचं पाणी आटलं तरी प्रांतरचनेनं आटलं असं म्हणायची रीत आहे. मग त्यांनी जाहीर केलं की संस्थेची ती जुनी मशीन पंचायतीच्या खोलीत काचेच्या कपाटात ठेवू आणि खाली आक्काच्या नावाची पाटी लावू. सभा संपल्यावर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, 'नामदेवराव, मशीनचं ते भांडं तुमच्याकडंच आहे नं? तेवढं पाठवून द्या.'

मी ते पाठवलेलं नाही. त्याऐवजी हे लिहितो आहे. भाऊजी हे वाचतील. त्यांनी वाचावं.

आक्काचं नाव सरस्वती. घरात तिला सरू म्हणत आणि मी आक्का म्हणे. ती शाळेत गेली नाही. आमच्या वडिलांना वाटे की मुलीला वाचता आलं तर ती सासरहून तक्रारी लिहील. तिचं लग्न रामाकोन्याला झालं, घरची संत्र्याची बाग, थोडा कापूस, गोठ्यात म्हशी. भाऊजी बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेले आणि सासरा खाटेला खिळला, तेव्हा बागेचं पाणी, म्हशींची धार, गडीमाणसं, सगळं तिच्या अंगावर आलं. तिनं ते केलं. भाऊजी सुटून आले तेव्हा स्टेशनवर हारतुरे घेऊन गाव गेलं होतं आणि आक्का घरी म्हशीचं वेत पाहत बसली होती. पारडू आडवं आलं होतं. भाऊजी घरात शिरले ते विचारत, 'कुठं आहे?' ती गोठ्यातूनच ओरडली, 'या, या! हात धुऊन या अन् इकडं धरा!' ही गोष्ट ती हसत सांगे. भाऊजी कधीच सांगत नसत.

देश स्वतंत्र झाला आणि परासियाच्या कोळसाखाणीतला एक गोरा साहेब बंगला आवरून विलायतेला निघाला. त्याच्या सामानाच्या लिलावातून भाऊजींनी वेताच्या खुर्च्या घेतल्या, भिंतीवरचं घड्याळ घेतलं, आणि कुणी बोली लावेना म्हणून एक लोखंडी धूड त्यांच्या गाडीत तसंच टाकून देण्यात आलं. खाली बिडाचा पाय, वर दुधाच्या घमेल्याएवढं टिनाचं भांडं, मधे दोन तोट्या, बाजूला लाकडी मुठीचा दांडा. ही संत्र्याचा रस काढायची मशीन, असं भाऊजींनी ठरवलं आणि त्यात संत्री घालूनही पाहिली. मी सुट्टीत गेलो होतो. परासियाला जाऊन साहेबाच्या म्हाताऱ्या खानसाम्याला शोधून घेऊन आलो. त्यानं तिच्या पोटातलं जड भांडं उघडून दाखवलं. आत पातळ पत्र्याच्या, उलट्या वाट्यांसारख्या चकत्या एकीवर एक रचलेल्या होत्या. ही दुधातून मलई काढायची मशीन आहे, तो म्हणाला, आणि साहेबाच्या चहाला हिच्यातूनच मलई निघायची.

आक्कानं मला विचारलं, कशी काढते रे? मी मास्तर, मला सांगायला आवडलंच. दूध रात्रभर ठेवलं की मलई आपोआप वर येते ना, कारण ती दुधापेक्षा हलकी. पण तिला वेळ लागतो आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तोवर दूध नासतं. ही मशीन भांडं इतक्या जोरानं फिरवते की जे जड ते भिंतीकडे फेकलं जातं आणि हलकं ते मधल्या दांड्यापाशी गोळा होतं. चकत्यांमुळे दुधाचे पातळ पातळ थर होतात, मलईला फार लांब जावं लागत नाही. मग एका तोटीतून मलई, दुसरीतून उरलेलं दूध. तिनं ऐकलं, मान हलवली आणि म्हणाली, 'म्हंजे हलके सारे मंधात जाऊन बसते?... मंग हे त आपल्या पंचायतीसारखंच झालं, बाप्पा.' भाऊजी नव्या खुर्चीत बसले होते. तेही हसले त्या दिवशी.

त्या मशीनला एक घंटी होती. दांडा फिरवू लागलं की ती प्रत्येक फेऱ्याला वाजे आणि वेग पुरता चढला की गप्प होई. घंटी थांबली की दूध सोडायचं. धारोष्ण, कोमट दूधच लागे, गार झालेल्यातून मलई नीट सुटत नसे. सकाळी आक्काच्या ओसरीवर टणटण सुरू झाली की गावातल्या बाया आपापल्या चरव्या घेऊन निघत, आणि घंटी बंद पडून नुसता भुंग्यासारखा आवाज उरला की गल्लीतली शेवटची बाई धावत सुटे. आधी कुणी येत नव्हतं. 'जीव काढलेलं दूध' म्हणत. आक्कानं आपल्याच म्हशींवर सुरुवात केली. रामाकोन्याहून छोट्या रेल्वेगाडीनं नागपूरला दूध धाडलं तर वाटेत फाटत असे, पण मलई टिके. तिथल्या एका तूपवाल्यानं तिचे डबे घ्यायला सुरुवात केली तशा एकेक बाया आल्या. नियम तिनंच घातला. जिचं दूध तिला तिच्या मलईचे पैसे आणि तिचं उरलेलं दूध परत. ह्या उरलेल्या दुधाला आमच्याकडे सपरेटा म्हणू लागले. त्याचं दही लागे, ताक होई, कढी होई. वाया काही जात नव्हतं. दांडा फिरवून फिरवून आक्काचा उजवा खांदा डाव्यापेक्षा भरला आणि सौंसरचा शिंपी तिच्या चोळीची उजवी बाही सैल शिवू लागला. ती बाही ती बायांना अभिमानानं दाखवे.

एका उन्हाळ्यात तिनं एक पारडू नुसत्या सपरेट्यावर ठेवलं. हिरवा चारा नव्हताच. पारडू वाढेना. केस राठ झाले आणि मग संध्याकाळी ते दावणीला अडखळू लागलं, भिंतीवर आपटू लागलं. मरायच्या आधी त्याला दिसत नव्हतं. तिनं मला बोलावून विचारलं. मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांगितलं की डोळ्यांना लागणारं जे सत्त्व दुधात असतं ते स्निग्धांशात असतं, मलई काढली की त्याच्याबरोबर जातं. मोठ्या माणसाचं भागतं, तो भाजीपाला खातो. पण अंगावर दूध न मिळणारं तान्हं पोर नुसतं ह्यावर ठेवलं तर जीवावर बेतेल. हे मी आक्काला सांगितलं आणि त्या दिवसापासून सपरेटा परत देताना ती प्रत्येकीला एकच वाक्य म्हणे, 'लेकराले पाजू नको, माय.' रोज, त्याच बायांना, तेच. बाया चिडत. 'माहीत हाये नं बाई,' म्हणत. तरी ती म्हणेच.

मग संस्था झाली. भाऊजींना तेव्हा सरकारी मंडळींत मान होता आणि सहकार हा नवा मंत्र होता. अध्यक्ष भाऊजी, समितीत पाच-सात पागोटी आणि टोप्या, बाई एकही नाही. मशीन आक्काच्या ओसरीवरून उचलून सौंसरला एका खोलीत नेली, वर पाटी लावली, उद्घाटनाला फीत कापली. मशीन चालवायला मात्र दुसरं कुणी मिळेना, म्हणून आक्का रोज पहाटेच्या बैलगाडीनं रामाकोन्याहून सौंसरला जाऊ लागली. थोड्याच दिवसांत समितीनं ठरवलं की सपरेटा परत द्यायचा नाही, संस्थेनंच विकायचा. आणि सौंसरच्या मजूरवस्तीत तो विकू लागले तेव्हा सपरेटा म्हणून नाही, दूध म्हणून. स्वस्त दूध. संस्थेचं दूध. गरिबांसाठी दूध. पाटीवर तसं लिहिलंही.

आक्कानं घरी भाऊजींना विचारलं. मी तिथं होतो म्हणून मला ते शब्दन् शब्द आठवतात. 'हे दूध नोहे. तुमी लोकाइले दूध म्हणून काहून देऊन राहिले?' भाऊजी म्हणाले, 'म्हशीच्या सडातून निघालं ते दूधच. तू मशीन पाह्य, बाकीचं समिती पाहीन.' ती म्हणाली, 'निदान तान्ह्या लेकराइच्या घरी देऊ नका. तेवढं तरी सांगा.' त्यावर ते म्हणाले की तसं सांगितलं तर लोक घेतील कशाला?... आक्कानं आपली रीत सोडली नाही. विक्रीच्या खिडकीशी ती स्वतः जाऊन उभी राही आणि बायांना सांगे. समितीनं विक्रीची खिडकी दुसऱ्या बाजूला, रस्त्याकडे पाडली. मशीनच्या खोलीतून तिथं जायला वाट ठेवली नाही.

भागाबाई ही त्या वस्तीतली, संत्र्याच्या बागांत खुडणीला जाणारी. बाळंतपणानंतर तिला विषमज्वर झाला आणि अंगावरचं दूध आटलं. नवरा मुलीसाठी रस्त्याकडच्या खिडकीतून संस्थेचं दूध नेऊ लागला. मुलीचं नाव वेणू. ती दिवा पाहून हसेनाशी झाली तेव्हा भागाबाईला आधी वाटलं, दृष्ट लागली. मग बुबुळांवर पांढरी साय धरली. आता तो शब्द लिहितानाही हात थांबतो, पण तिनं मला हाच शब्द सांगितला होता, साय... डॉक्टरांनी औषध दिलं, जीव वाचला. डोळे गेले.

वस्ती संस्थेवर चालून आली. मशीन फोडा, म्हणत होते. आक्का आतच होती. समितीची सभा बोलावली, वस्तीतली माणसं दारात उभी, भागाबाई मुलीला खांद्यावर घेऊन सगळ्यांच्या पुढे. सगळ्यांनी भाऊजींकडे पाहिलं. आणि भाऊजी, ज्यांनी इंग्रजांच्या लाठ्या खाल्ल्या होत्या, ते उठून म्हणाले, 'मशीन आमच्या घरच्याइच्या हाती होती. बाईमाणूस आहे, शिकलेली नाही. मशीन चालवण्यात काही चुकलं असंल. आपण चौकशी करू.'

मी मागच्या बाजूला उभा होतो. आक्का मशीनच्या खोलीच्या दारात होती. ती नवऱ्याकडे पाहत राहिली, जसं अनोळखी माणसाकडे पाहावं. मग पुढे आली. 'मशीननं काही चुकवलं नाई,' ती म्हणाली. 'मशीननं मलई काहाडली. तेच तिचं काम हाये. मलई नागपूरले गेली अन् उरलं ते याइनं दूध म्हणून विकलं. मी सांगितलं होतं, पाजू नका. याइले सांगितलं होतं, ह्या साऱ्याइले.' आणि एकेकाकडे बोट केलं. ती नावं मी लिहीत नाही. 'खिडकी काहून फिरवली ते इचारा त्याइले.' कुणी विचारलं नाही. समितीतला एक म्हणाला, वहिनींना घरी न्या, त्यांचं डोकं फिरलंय. आणि दारातली माणसंसुद्धा... मला वाटलं होतं की ती ऐकतील. पण त्यांनी रोज दांडा फिरवताना तिलाच पाहिलं होतं. भागाबाई तिच्यासमोर येऊन थुंकली आणि मुलीला घेऊन निघून गेली.

दुसऱ्या दिवशी आक्का माझ्या दाराशी, पांढुर्ण्याला. पदराखाली मशीनच्या पोटातलं ते जड भांडं, चकत्यांसकट. ते नसलं तर बाकीचं सगळं नुसतं लोखंड. 'ठेव,' म्हणाली. 'कोनाले देजो नको.' चहासुद्धा न घेता परतीची बस पकडून गेली. भाऊजी आले, रागावले, मग गोड बोलले, मग शेजाऱ्यांदेखत मला चोर म्हणाले. मी त्यांना आक्काचा निरोप सांगितला. सपरेटा बायांना परत द्या, पाटी बदला, भागाबाईची माफी मागा, भांडं लगेच मिळेल. ते म्हणाले, नवीन मागवू. नवीन कधी आलं नाही. संस्था त्या दिवशीच बंद पडली होती. प्रांतांची फेररचना झाली ती पुढे, सावकाश. पण मोडलेल्या वस्तूला एक सन्मानाचं कारण सापडलं आणि सगळ्यांनी ते घट्ट धरलं. आमची माणसं नागपूरला रडली, मराठी शाळांचं काय होईल म्हणून मीही रडलो, ते खोटं नव्हतं. पण वेणूचे डोळे कुठल्या सीमेनं नेले नाहीत.

आक्का नवऱ्याच्याच घरी राहिली. त्यांचा स्वयंपाक करी, धोतरं धुई, पाहुण्यांना चहा देई. त्या सभेनंतर त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. लोक तिला शहाणी बाई म्हणत, कमी बोलते म्हणून.

एक गोष्ट मात्र तिनं सुरू केली, जी भाऊजींना आवडत नसे आणि मलाही समजत नसे. रोज सकाळी धार काढली की पहिल्या म्हशीचं दूध, मलईसकट, चरवीत घेऊन ती सौंसरला भागाबाईच्या दाराशी जाई. गाडी नसली तर पायी. चरवी उंबऱ्यावर ठेवी आणि मागे सरून उभी राही. भागाबाई बाहेर येई, चरवी उचले, दारासमोरच्या मातीत ओतून देई आणि रिकामी चरवी आक्काच्या पायाशी टाके. दोघी बोलत नसत. आक्का चरवी उचलून परत फिरे. एकदा मी तिच्याबरोबर गेलो आणि ते पाहून मला राहवलं नाही. वाटेत म्हणालो, 'आक्का, तुझा काही दोष नाही. कशासाठी हे?' ती म्हणाली, 'तिले फेकाले तरी कोनी पाह्यजे नं? बाकीचे त तिच्या दारातही जाऊन राहिले नाई.' मी म्हणालो, आणि दूध? चांगलं दूध मातीत जातं. तिनं रिकामी चरवी दुसऱ्या काखेत घेतली. मग म्हणाली, 'जाऊ दे. आतापावतो चांगलं दूध कोठं कोठं गेलं, तुले ठाऊक नाई काय?'

ताप असतानाही ती जात होती, हे मला नंतर कळलं. थंडीचे दिवस, पायी, ओल्या पदरानं.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी सौंसरहून पांढुर्ण्याची बस धरायच्या आधी भागाबाईच्या वस्तीत गेलो. काय बोलणार होतो कोणास ठाऊक. दार उघडं होतं. वेणू, आता सहा-सात वर्षांची, उंबऱ्याच्या आत बसून शेंगा फोडत होती, बोटांनी चाचपून दाणे एका बाजूला, टरफलं दुसऱ्या. माझी चाहूल लागली तशी तिनं मान वर केली आणि विचारलं, 'चरवीवाली बाई आली काय?' भागाबाई आतून म्हणाली, 'नाई.' मग बाहेर आली. मला ओळखलं. आम्ही दोघं दारासमोरच्या जागेकडे पाहत उभे होतो. तिथली माती काळपट, चिकट झाली होती, गवत उगवत नव्हतं. आणि तिच्याभोवती वस्तीतली चार-पाच कुत्री शेपट्या पायांत घेऊन, रस्त्याकडे तोंड करून शांत बसली होती.

'रोज येऊन राहिले,' भागाबाई म्हणाली. 'ह्याच टायमाले.' ती कुत्र्यांकडे पाहत होती. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, 'तुमी हाकला त्याइले, मास्तर. माह्याच्यानं हाकलवत नाई.'